खाली पांढरंच होतं

“माझं बोलणं तोडू नगंस, नौशीन. सगळं एका कागदावर घे.”

अख्तरबी खाला गेल्याला चाळीस दिवस होऊन गेले, तरी फजरची नमाज झाली, तसबी हातात घेतली की हा आवाज कानाशी येतो. शेजारच्या या खालांनीच मला लहानपणी कुराण शिकवलं. तेव्हा मात्र पानाच्या समासातल्या खुणेपाशी त्या थांबवायच्या. “हितं दम घे, पोरी. फुडचं उद्या.”

मी विश्रामबागेत एका संगणक केंद्रात वेबपानं तयार करते. अठ्ठ्याण्णव सालात सांगलीला हे काम नवीनच. गिऱ्हाइकांना मीच बजावायची, पान दीड पडद्याहून लांब नको, माणूस खालपर्यंत जात नाही, महत्त्वाचं असेल ते वर घ्या.

खालांचा मुलगा अमीर मस्कतला कारकून. त्याच्या ऑफिसात इंटरनेट होतं. मराठी अक्षरं तिकडच्या मशीनवर उमटत नसत, म्हणून हातानं लिहिलेल्या पत्राचं चित्र करून मी ते पानावर चढवणार होते.

“खाला, ऑपरेशनचं आधी लिहू का? वीस तारीख जवळ आली.”

“आगं, सलाम न्हाई, खुशाली न्हाई, आन् एकदम ऑपरेशन? पोरगं घाबरंल की! आदी शेळी व्याल्याचं लिही.”

“मग फोनच करा ना.”

“फोनवर माझा आवाज फुटतो. लय चुरुचुरु बोलाय लागलीस. लिही.”

मी लिहिलं. शेळी, दोन करडं, मोहिद्दीनमामूंचे नवे दात, गळकी कौलं, पाटणकडच्या भाचीचं लग्न. अगदी शेवटी, छातीचं ऑपरेशन हाय, वीस तारखेच्या आत एकदा येऊन जा. चार पडदे लांब झालं. मोठ्यांचं बोलणं कापायचं कसं, म्हणून तसंच चढवलं.

तिसऱ्या दिवशी अमीरचा निरोप आला. पत्र वाचलं, अम्मीला सांग करडं विकू नको. ऑपरेशनबद्दल अक्षर नव्हतं. रजेच्या खटपटीत असेल, असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

“वाचलंय न्हवं? मग येतोय,” खाला म्हणाल्या. दवाखान्यात जाईपर्यंत दाराकडे तोंड करून बसायच्या. जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, “कामात आसंल. त्याला बोल लावू नगंस.”

ऑपरेशनच्या टेबलावरून त्या परत आल्या नाहीत.

परवा चाळिसाव्याची फातिहा झाल्यावर मस्कतहून आलेला अमीर केंद्रात आला.

“ते पान दाव मला.”

मी उघडलं. चित्र वरून खाली रेघेरेघेनं उतरू लागलं. करडांपाशी फोनची लाइन तुटली.

“तिकडं बी एवढंच आलं. खाली पांढरंच व्हतं. मला वाटलं, पत्र संपलं.” त्यानं पडद्याच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं. “वाचून बी आला न्हाई, आसं मनात घेऊन गेली गं ती.”

“चूक माझी. माणूस किती वाचतो ते मला ठाऊक होतं, अमीर.”

“आन् मी? वाचलं म्हणून मोकळा झालो की.”

मी पर्समधून मूळ कागद काढून पुढे केला. तो खुर्चीसकट मागे सरला.

“आत्ता नगं. समदं एकदम न्हाई झेपायचं. तिकडं गेल्यावर रोज थोडं दे. पडद्यावर खाली जावं लागणार न्हाई एवढंच. देशील?”

“देईन.”

काल संध्याकाळी तो मुंबईच्या गाडीत बसला.

आज उजाडता उजाडता मी कागदाची झेरॉक्स घेऊन बसले. एका पडद्यात सात ओळी मावतात. मामूंच्या दातांपासून मोजलं. ऑपरेशनपर्यंत पोचायला तीन दिवस लागणार होते. सकाळी लवकर लाइन मोकळी असते. सिटी बस सुरू व्हायला अजून वेळ होता. पहिल्या सात ओळी कापून ओढणीखाली धरल्या, चपला घातल्या आणि केंद्राकडे चालायला लागले.