पोटातली मासळी

"अगं माय!" म्हणत चंद्रभागामावशीनं कोयता थांबवला.

माशाच्या चिरलेल्या पोटातून पिल्लं घसरून पाटावर आली. बोटाएवढी. डोळे, पंख, शेपटी, सगळं तयार. प्रत्येकाची नाळ अजून आईला चिकटलेली.

"मावशी, मासे तं अंडे देतेत ना?" मी विचारलं.

"आपल्या तलावातले देतेत. हे तं..."

इचोड्याच्या बाजारात बर्फाच्या पेटीतून हा समुद्राचा मासा येतो, छोटा शार्क. आपण मुशी म्हणतो, तेलगूवाले पालसोरा. पाल म्हणजे दूध. बाळंतिणीनं खाल्ला की दूध उतरतं, असं सगळा बाजार मानतो. सुनयनाताईला दूध येत नव्हतं, बाळाचा रडून घसा बसला होता. आमची आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच, आणि मदतीला मी. तिच्या सासूनं, जयवंताबाईनं, मला मासा आणायला पाठवलं होतं.

पेटीच्या मालकाचं नाव खुशाल. तो हसला. "पिल्लं भेटले? याचा भाव येगळा! पहिले हातभर लांब यायचे, आता मोठे येतच नाई."

माझं डोकं फिरलं. "कुठून येतीन? पोटातलेच इकून राह्यले तुमी!"

"शाळा सोडली अन् मले शिकवते का वं? मावशी, काप."

मावशीचं अर्धं आयुष्य त्या पाटामागं गेलेलं. गावोगावच्या बाळंतिणींसाठी फुगलेल्या पोटाचा मासा तीच निवडून द्यायची, भरलेला म्हणून. आत आजवर बलकाचे गोळेच निघालेले, अशी तयार पिल्लं पहिल्यांदाच. तिनं पिल्लं आईजवळ सरकवली.

"मी नाई कापत हे. आजपासून नाई."

"मंग उद्या इथं बसू नोको. बर्फ माहा, जागा माही."

"नाई बसत," म्हणाली आणि उठली. बाजूची गिऱ्हाइकं मासे निवडत राहिली. मला त्यांचाही राग आला.

रिकाम्या हातानं घरी आले. ताई कोरडे ओठ चाटत पडलेली. समोर कोरडा भात. बाळंतिणीनं पाणी प्यालं की पोट सुटतं म्हणे, म्हणून जयवंताबाई दिवसभरात वाटीभरच पाणी द्यायची. हे मी रोज बघत होते, आणि तरी मासा आणायला गेले होते!

मी माठातून तांब्या भरला.

"अवं, काऊन देऊन राह्यली? पोट सुटन तिचं! मासा कुठी हाय?"

"सुटू द्या पोट. समुद्र खाली करता, पन घरातलं पानी नाई देत तुमी! बिन पान्याचं दूध येईन कुठून?"

"जीभ पाहा पोरीची!"

ताईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. श्वास न घेता प्यायली. मग म्हणाली, "अजून दे."

जयवंताबाई दारात उभी राहिली. पण आडवी आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. पाटामागं दुसरी बाई होती आणि खुशाल ओरडत होता, "पिल्लंवाला घ्या, पिल्लंवाला!" गर्दी पण होती.

मावशी हायवेच्या कडेला भर उन्हात बसलेली. बर्फ नाही, पाट नाही. बारदान्यावर तलावाची थोडीशी मासळी. नागपूरकडचा ट्रक धुरळा उडवत गेला. तिनं डोक्यावरचा पदर काढला, मासळीवर पसरला आणि उघड्या डोक्यानं गिऱ्हाइकाची वाट बघत बसली.