एक हापशी, तीन पाडे

मित्रांनो, मी एक जुनी हापशी. एकच हाय मी, हे आधीच सांगून ठेवते. कारण कागदावर मी तीन होते.

भिवंडीहून वळ गावच्या रस्त्याला लागा आन् मधेच मातीच्या वाटेनं आत वळा. तिथं आमचे तीन पाडे. खालचा, मधला आन् पार टेकडीवर वरचा. मला त्र्याऐंशी साली खालच्या पाड्यात बसवलं. मशीननं दोनशे फूट भोक पाडलं, पाईप सोडले, सिमेंटचा ओटा केला आन् ओट्यावर मला ठेवून नटबोल्ट आवळले. पहिलं पाणी आलं ते लाल गढूळ. बायांनी तेसुद्धा डोळ्यांना लावलं. नारळ फुटला, माझ्या डोक्यावर हळदकुंकू पडलं. लोखंडाला काय कळतंय, म्हणाल. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण पण कोणीतरी हाय.

हापशीला पाय नसतात, पण कान असतात. सगळ्या बातम्या पाण्याला येतात. कोणाच्या लूमचा पट्टा तुटला, कोणाची सून रुसली, सगळं मला ठाऊक. कोणी मला शाळेत घातलं न्हाय, पण शिकले मी हंड्यांच्या रांगेत.

माझा मिस्त्री कोंडू. साखळीला ग्रीस लावायचा, वायसर बदलायचा आन् शिव्या घालायचा. "चल गं म्हातारे, नखरे नको करू." तेव्हा मी उणीपुरी चार वर्षांची होते!

आन् माझी लाडकी ठमाबाई, कोंडूची आत्या. ऱ्हायला वरच्या पाड्याला. उन्हाळ्यात तिथला झरा आटला, की दीड मैल उतरून माझ्याकडं यायची आन् दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर घेऊन परत चढायची. गुडघे तर कधीचेच गेलेले. संगं सून तुळजा, सातवा महिना लागलेला. खालच्या पाड्याच्या बाया कुरकुरायच्या, "आली बघा वरची वरात!" ठमाबाई ऐकून घेणारी न्हाय. "येणारच. तुमची हापशी गोड हाय गं बायांनो, तुम्ही न्हाय."

माझा दांडा उन्हात तापायचा, हाताला चटका बसायचा. ठमाबाईनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली, दांड्याला गुंडाळली आन् वर तीन गाठी मारल्या. मला तो दागिनाच वाटायचा.

एक दिवस तुळजा चढणीवर घसरली. हंडा गेला, पोटातलं वाचलं. दुसऱ्या दिवशी ठमाबाई एकटीच आली आन् ओट्यावर बसून ऱ्हायली. "कोंड्या, आमच्या पाड्याला हापशी कंदी येणार रं? पुढल्या वेळेला पोर न्हाय वाचायचं."

"सरकारला इचार, आत्या. मी मिस्त्री हाय."

आन् सरकारला खरंच कोणीतरी विचारलं!

खालच्या पाड्याचा केसरीनाथ भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या लूमवर कामाला होता. शिफ्ट सुटली की माझ्याकडं अंघोळीला यायचा, ट्रान्झिस्टर माझ्या ओट्यावर ठेवून. एकदा डोक्याला साबण तसाच, हा ओरडला, "ऐका! दिल्लीला संसदेत हापशांवरून जुंपली! एका खासदारानं इचारलं, पाण्यासाठी दिलेला पैसा गेला कुठं? मंत्री म्हणाला, सगळ्या हापशा जागेवर उभ्या हायत, ही घ्या यादी. खासदार म्हणाला, यादी नको, पाणी दाखवा!"

मला लय नवल वाटलं. इतक्या लांब, मोठ्या घरात बसून माणसं माझ्यावरून भांडतात? ठमाबाईलाही तेच वाटलं असणार.

"काय रं, एवढं बोलून घसा कोरडा पडत असंल. तितं पाणी कोण भरतं?"

"शिपाई आणून देतो, मावशी."

"बाई न्हाय भरत?"

"न्हाय."

"मग त्यांना कसं कळायचं?"

केसरीनाथनं डोक्यावर तांब्या ओतला.

महिन्याभरात कळलं की खासदारांची एक समिती यादी घेऊन बघायला निघालीय, आन् आमचे तिन्ही पाडे त्या यादीत हायत. पाडा तिथं हापशी, अशा तीन हापशा. मी तर आजूबाजूला बघायला लागले. बाकीच्या दोघी कुठं हायत बाबा? बहिणी असून भेट न्हाय?

समितीच्या दिवशी सकाळी त्या दोघींचं कोडं सुटलं. खालच्या पाड्याला जीप आल्या. पांढऱ्या केसांचे एक खासदार उतरले, वऱ्हाडाकडचे. त्यांनी स्वतः दांडा मारला, ओंजळीनं पाणी प्यायले. "गोड आहे." यादीत एक खूण झाली. मग ह्या हापशा बसवायचा ठेका घेतलेला ठेकेदार हात जोडून सगळ्यांना नाश्त्याला घेऊन गेला. त्यांची पाठ वळली न् वळली, तोच कोंडू पाना घेऊन आला. तोंड उतरलेलं. ठेकेदाराचा माणूस मागं उभा. "आवर लवकर. अंगावरचं सगळं साफ कर, नंबर बदल."

कोंडूनं माझे बोल्ट सोडले. पाईप राहिले जमिनीत, मी वरची वर टेम्पोत! मधल्या पाड्याला नव्या ओट्यावर उभी केली, पांढऱ्या रंगानं दोन नंबर टाकला. साहेबांनी जीपमधूनच बघितलं. दुसरी खूण. मग त्यांना जेवायला नेलं आन् मला वर नेलं, टेकडीवर. तिथला ओटा इतका ताजा की सिमेंट अजून बोटाला लागत होतं. खाली भोक न्हाय, पाईप न्हाय, नुसती माती.

आता ठेकेदाराची चूक ऐका. त्याला देखावा पाहिजे होता. आदल्या दिवशी त्यानं वरच्या पाड्यात सांगून ठेवलं होतं, "तुमची हापशी येतेय, नटून या, ओवाळायला या." त्याला वाटायचं, ह्या बाया झऱ्यावर भागवतात. खाली माझ्याकडं कोण उतरतं, हे बघायला तो कंदी उन्हात उभाच ऱ्हायला नव्हता.

बाया आल्या. ठेवणीतली लुगडी, हळदकुंकवाची ताटं, नारळ, घासून चकचकीत केलेले हंडे. तुळजा पोट सावरत सगळ्यांच्या पुढं. समिती उतरली. ठमाबाईनं बोट कुंकवात बुडवलं, माझ्याकडं वाकली आन् तशीच थांबली. मग आनंदानं ओरडली,

"अगं बये! तू हितं कशी? इतक्या लांब मला भेटाया आलीस व्हय!"

ठेकेदार हसला. "म्हातारी हाय साहेब, भोळी हाय."

ते खासदार पुढं आले. "माय, ओळखतेस तू हिले?"

"ओळखते म्हंजे? रोज दीड मैल उतरून हिच्याकडंच तर जाते. ही बघा माझी चिंधी, ह्या माझ्याच तीन गाठी."

इतक्यात तुळजानं हंडा लावून दांडा मारला. खडाखड, खडाखड. थेंब न्हाय. मारतेय, मारतेय, घाम गळतोय. ओल्या सिमेंटात मी हलायला लागले, एका बाजूला कलले. मित्रांनो, जन्मात एवढी लाज वाटली न्हाय मला. तुळजानं रिकामा हंडा उचलला, आत बघितलं. "आत्याबाई, ही आपली नव्हं. ही तर दाखवायला आणलीय." हंडा ओट्यावर आपटून खाली बसली आन् रडली.

खासदारांनी माझ्यावर हात ठेवला. हाताला तीन नंबरचा ओला रंग लागला. तो हात त्यांनी पुसला न्हाय, तसाच यादीवर ठेवला.

त्याच संध्याकाळी मला खाली आणून बसवलं. ठमाबाईनं कोंडूला गाठलं. "कोंड्या, चिंधी का रं ठेवलीस? सगळं काढायला सांगितलेलं म्हणे ना?"

"आत्या, मी मिस्त्री हाय. नटबोल्ट सोड म्हणाले, सोडले. चिंधी काय बोल्ट हाय?" असं म्हणून पठ्ठ्या माझ्या साखळीला ग्रीस लावत बसला. त्यापायी त्याचं काम गेलं. वर्षभर तिन्ही पाड्यांनी त्याला भात दिला.

पुढच्या अधिवेशनात केसरीनाथच्या ट्रान्झिस्टरभोवती अख्खी रांग बसली. खासदार म्हणाले, "एका अडाणी म्हातारीनं हापशी ओळखली, आपल्या खात्याला ओळखता आली नाही." लय गोंगाट झाला. मंत्र्यांनी चौकशी करतो म्हणून सांगितलं. ठमाबाईनं विचारलं, "भांडण झालं ते झालं. पाणी?"

पाणी दीड वर्षानं आलं. वरच्या पाड्याला खरी हापशी लागली, दोनशे ऐंशी फुटावर. मधल्या पाड्याला त्याच्याही पुढल्या साली. मग ठमाबाई यायची बंद झाली. मला आनंद झाला, पण खोटं कशाला बोलू, करमेना. एकदा ती हंडा न घेता आली, तुळजाच्या पोरीचं बोट धरून. तांब्याभर पाणी प्यायली, चिंधी बदलली. "वरची बरी हाय गं. पण तुझी सर न्हाय."

आता शहाण्णव साल हाय. बाजूला गोदाम उभं ऱ्हायलंय, कोंडू थकलाय, माझा वायसर जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून पाण्याचा थेंब न्हाय. मागल्या महिन्यात एक साहेब आला. जीप सावलीत उभी केली, काच खाली केली, माझ्याकडं बघितलं, कागदावर "चालू" लिहिलं आन् गेला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणीतरी तुमच्या पण हातात यादी देईल. तेव्हा एवढं करा, जीपमधून खाली उतरा. दांडा धरा, चटका बसू द्या. पाणी ओंजळीत पडलं, तरच एक हापशी मोजा.