पाणी कोण देणार

मिराबाईला घरी न्यायला जीप मिळाली होती, टेकायला लोड मिळाला होता. आता कुणी तिला पाणी पाजू नये, एवढंच राहिलं होतं. आणि एवढंच सगळ्यात जड जाणार, हे अख्तरीला हिंगोलीच्या दवाखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हाच कळून चुकलं. चैत्राचं ऊन, जीपच्या ताडपत्रीखाली नुसती भट्टी. मिराबाईचा डावा हात सारखा तोंडाकडं जायचा, पेला धरल्यासारखा वाकायचा आणि परत मांडीवर पडायचा. बोलता येत नव्हतं बिचारीला, पण काय मागते ते कुणालाही दिसलं असतं.

तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची एक बाजू, आणि वरून दिसत नाही पण गळासुद्धा. दवाखान्यातल्या सिस्टरनं अख्तरीला आणि मिराबाईच्या मुलाला समोर बसवून सांगितलं होतं, "घट्ट असेल ते हळू उतरतं, तिला सावरायला वेळ मिळतो. पाणी पातळ. ते धावत सुटतं आणि थेट छातीत जातं. एक घोट पुरे आहे माणूस जायला. ज्वारीची राबडी करा, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. ताठ बसवा, हनुवटी खाली, अर्धा चमचा, आणि गिळलं का ते गळ्याकडं बघून मगच पुढचा." तो मुलगा, प्रेमदास, खाटेशेजारीच राहिला होता. तो शिकला, चांगलं शिकला. चमचा बराबर धरायचा.

आता ही अख्तरी कोण, तर हिंगोलीतली बांगड्या विकणारी. टोपली डोक्यावर घेऊन औंढ्यापर्यंतचे बंजाऱ्यांचे तांडे पायाखाली घातलेली बाई. नवरा वारल्यावर ती 'सोबत'वाल्यांत आली. 'सोबत' म्हणजे काही मोठी संस्था नव्हे, पाटी नाही की ऑफिस नाही. एक चहावाला, एक म्हातारा कंपाउंडर, शाळेतल्या दोन बाया आणि ही. आधी ते दवाखान्यातल्या पेशंटच्या माणसांना भाकरी-वरण पोचवायचे. मग त्यांच्या ध्यानात आलं की भाकरीपेक्षा मोठी पंचाईत पुढंच आहे. दवाखाना आपलं काम करतो, आणि बरं वाटलं की घरी जा म्हणतो. खरंच आहे, खाट काय जन्मभर अडवून ठेवायची असते का? पण दवाखान्याचं फाटक आणि घराचा उंबरा यांच्या मधे जो रस्ता असतो ना, तिथं म्हाताऱ्या माणसाला कुणी वाली नसतो. एस्टीच्या पायरीवरून पडतात, गोळ्या पिशवीतच राहतात, मऊ खायला सांगितलेलं असतं आणि घरी कडक भाकरी पुढ्यात येते. म्हणून 'सोबत'वाल्यांनी ठरवलं, म्हाताऱ्या माणसाला फाटकाशी सोडायचं नाही. घरापर्यंत जायचं, खाट कुठं टाकायची ते बघायचं, घरच्याच माणसाच्या हातून नीट खाल्लेलं डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच माघारी फिरायचं.

"खाला, तुझ्या बांगड्यासुद्धा तू इतक्या जपून न्हाई नेल्यास कधी," जीप चालवणारा कलीम म्हणाला. तो अख्तरीच्या बहिणीचा मुलगा. एरवी डोंगरकड्याहून केळी आणायचा, पेशंट असला की नुसत्या डिझेलच्या पैशांवर यायचा.

"बांगड्या फुटल्या तर दुसऱ्या भरता येतात. तू समोर बघ आणि खड्डे चुकव," अख्तरी म्हणाली. तिनं ओला फडका मिराबाईच्या ओठांवरून फिरवला. म्हातारीनं तो फडकाच दातात धरून चोखायला सुरुवात केली. अख्तरीनं हळूच तो सोडवून घेतला. सोडवताना आपण एखाद्या लेकराच्या तोंडचा घास काढतोय असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

शिरड शहापूर मागं पडलं आणि गाडी कच्च्या रस्त्याला लागली. अख्तरीनं प्रेमदासला विचारलं, "घरी सांगून ठेवलंस ना सगळं?"

"निरोप धाडला की. याडी येऊन राहिली म्हणून." याडी म्हणजे आई. अख्खा तांडा मिराबाईला याडीच म्हणायचा.

"आणि पान्याचं?"

प्रेमदास बाहेर बघायला लागला.

"प्रेमदास, मी काय विचारते?"

"असलं निरोपात कसं सांगायचं, आपा? हिला पानी देऊ नका म्हणून? लोक म्हणतील, ह्यानं मायला तहानेनं मारायला आणली."

"मग तुझ्या बापाला तरी?"

"बा दवाखान्यात आला कुठं? एकदा आला तर पायरीवरच बसला. आत पाय न्हाई टाकला त्यानं."

अख्तरीच्या तेव्हा ध्यानात आलं. आपण सगळं केलं, जीप केली, लोड आणला, पोराला चमचा धरायला शिकवलं. आणि त्या घरात कुणाचा शब्द चालतो ते विचारलंच नाही. पण आता गाडी वळवायची म्हटली तरी वळवून जायचं कुठं होतं?

तांड्याच्या तोंडाशीच बाया उभ्या होत्या. जीप थांबली आणि मिराबाईला प्रेमदासनं उचलून अंगणातल्या बाजेवर बसवलं, पाठीशी लोड लावला. तेवढ्यात तिची नणंद सुमनबाई पुढं झाली, तिच्या गळ्यात पडली आणि सूर धरून रडायला लागली. मग दुसरी, मग तिसरी. तांड्याची रीतच ती. लांबून माणूस आलं की गळ्यात पडायचं, सुरात रडायचं, काय काय सोसलं ते रडण्यातच सांगायचं. मिराबाईच्या अर्ध्या तोंडातूनही सूर निघाला, वाकडातिकडा, पण निघाला, आणि तो ऐकून बायांना आणखीच भरून आलं. अख्तरीचेही डोळे पाणावले. आणि पाणावले तसे तिथंच थिजले. कारण रडणं झालं की पुढं काय असतं, ते तिला पक्कं माहीत होतं. रडणाऱ्याला पाणी देतात. बांगड्या भरायला तांड्यांवर जायची तेव्हा किती वेळा पाहिलं होतं तिनं हे. इतक्या वेळा पाहून आज सकाळपासून आपल्याला हे आठवू नये, या अकलेला काय म्हणावं?

घरातून नेमसिंग बाहेर आला. मिराबाईचा नवरा. उंच, वाळलेला, डोक्याला लाल फेटा. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तांड्यात त्याच्या शब्दापुढं कुणी जात नसे. त्याला बघताच बाया बाजूला झाल्या, आणि मिराबाईचा डावा हात वर आला, तांब्याकडं.

अख्तरी मधे उभी राहिली. "बाबा, पानी नका देऊ."

नेमसिंग तांब्या धरून थांबला.

"डॉक्टरनं बंद केलंय बाबा. तिचा गळा कामातून गेलाय. पानी छातीत उतरंल. आपण राबडी करू, घट्ट. ती देऊ. दवाखान्यात तीच खाते."

यावर बोलली ती सुमनबाई, गोरमाटीत, पण बांगड्या विकून विकून अख्तरीला ती बोली चांगली कळत होती. "बघा, बघा. उन्हातानातून आलेल्या बाईला पाण्याला न्हाई म्हणते. आमच्या घरात येऊन."

"प्रेमदास, तू सांग ना," अख्तरी म्हणाली. "तू तर रोज भरवत होतास. बोल ना रे."

प्रेमदास मान खाली घालून उभा. चार माणसांत बापाच्या तोंडावर बोलायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पायाच्या अंगठ्यानं तो माती उकरत राहिला. अख्तरीला वाटलं, याला धरून गदागदा हलवावं.

"आपा," नेमसिंग शांतपणे म्हणाला, "तुमी हिला आणली, लई उपकार केले. मी इसरणार न्हाई. पर ही माझी बाईल हाय. मी हिला आजवर कशाला न्हाई म्हणलेलं न्हाई. पान्याला म्हणू?"

"आज म्हणा बाबा. हात जोडते."

"बाजूला व्हा."

ती झाली नाही. मग दोघा-तिघींनी तिला दंडाला धरून बाजूला घेतली, जोरानं नव्हे, पण घेतली. नेमसिंग बाजेवर टेकला, एक हात बायकोच्या मानेखाली घातला आणि मायेनं तिची मान मागं कलती केली. नेमकी मागं. अख्तरी ओरडली, "मान खाली, मान खाली घ्या," पण म्हाताऱ्याचं लक्ष सगळं त्या ओठांवर होतं. तांब्याची कड ओठांना लागली. मिराबाईनं हपापून घोट घेतला.

क्षणभर काही झालं नाही. तिच्या तोंडावर असं समाधान आलं की सुमनबाई म्हणालीसुद्धा, "बघा." आणि मग ते समाधान तिथंच गोठलं. छातीतून घुरघुर आवाज आला. खोकला यायला हवा होता, तो आलाच नाही. डोळे मोठे झाले, डावा हात बाजेचा काथ्या ओरबाडायला लागला, ओठ जांभळे पडत चालले. नेमसिंगला वाटलं, घोट अडकला, आणखी पाण्यानं उतरेल. त्यानं तांब्या पुन्हा तिच्या तोंडाशी नेला.

तेव्हा प्रेमदास हलला. त्यानं बापाच्या हातावर असा तडाखा मारला की तांब्या अंगणात घरंगळत गेला. बापाला खांद्यानं ढकलून त्यानं आईला पुढं वाकवली, तिची हनुवटी छातीशी टेकवली, पाठीवर तळहात मारत राहिला. "याडी, काढ बाहेर. काढ. काढ." अख्तरी दंड सोडवून धावली. तिनं म्हातारीचं तोंड खाली धरलं, बोटानं गाल मोकळा केला. पाणी आणि लाळ तिच्या मनगटावरून मातीत पडत होती. श्वास काही येत नव्हता. एक बाई मोठ्यानं देवीचं नाव घ्यायला लागली. कलीम गाडीची चावी हातात घेऊन पळत आला आणि नुसताच उभा राहिला.

आणि मग खोकला आला. बारीक, मांजरीच्या पिलासारखा. मग एक मोठा. मग छाती भात्यासारखी हलली आणि मिराबाईनं श्वास ओढला. अख्तरी होती तिथं मातीत बसली.

साऱ्या तांड्यासमोर पोरानं बापावर हात टाकला होता. प्रेमदास आईला धरून बसला होता आणि बापाकडं बघत नव्हता. नेमसिंग आपला रिकामा हात बघत होता. आता हा काय करतो, पोराला घराबाहेर काढतो की आपल्याला, असं अख्तरीला वाटलं. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"ह्याला समदं ठावं होतं?" त्यानं अख्तरीला विचारलं.

"होय बाबा. दवाखान्यात शिकवलं त्याला."

"मला काहून न्हाई शिकवलं?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "तिला पानी तर मीच देणार होतो."

तुम्ही पायरीवर बसून राहिलात, आत आला नाहीत, असं अख्तरीला म्हणता आलं असतं. पण पायरीवर जाऊन त्याच्याजवळ बसायला कुणाला बंदी होती? सिस्टर नाही गेली, ठीक आहे, तिला शंभर कामं. 'सोबत'वाले का गेले नाहीत? ती का गेली नाही?

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "आता शिकवते. शिकता?"

राबडी सुमनबाईनंच केली, न बोलता, चुलीच्या धुरात डोळे पुसत. अख्तरीनं चमचा तिरपा करून दाखवला. ओघळली, तशी परत आटवायला लावली. म्हातारी ताठ बसली. नेमसिंग समोर. "हनुवटी खाली. अर्धाच चमचा, बाबा. डाव्या अंगानं घाला, ती बाजू जिवंत हाय. आता थांबा. गळ्याकडं बघा."

नेमसिंगनं चमचा ओठात दिला आणि तिच्या गळ्याकडं बघत राहिला. गळा हलला नाही. मिराबाई नवऱ्याकडं बघत होती, आणि आता तिला भीती वाटत होती, ते डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. "गिळ," नेमसिंग हलक्या आवाजात म्हणाला, "मी हाय." गळा वर गेला, खाली आला. खोकला नाही. म्हाताऱ्यानं दुसरा चमचा भरला. प्रेमदास मागून म्हणाला, "आजून थोडा कमी, बा." बापानं थोडा कमी केला.

वाटी संपेस्तोवर उन्हं कलली. अख्तरीनं सगळं पुन्हा सांगितलं: छाती घुरघुरली, अंगात ताप भरला तर वाट बघत बसायचं नाही, शिरडहून फोन करायचा, कलीम येईल. तो उद्या चक्कर मारणारच होता. आज जे पाणी आत गेलं ते काय करतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिनं तसं स्पष्ट सांगितलं, कुणापासून लपवून ठेवलं नाही.

कलीमनं गाडी चालू केली तेव्हा मिराबाईचा डावा हात पुन्हा वर आला. पेला धरल्यासारखा वाकला, तोंडाकडं गेला. बायांनी अख्तरीकडं पाहिलं. प्रेमदासनंही पाहिलं. अख्तरीनं नेमसिंगकडं पाहिलं.

"न्हाई," नेमसिंग म्हणाला.

मिराबाईनं हात खाली घेतला नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली, अर्धं तोंड थरथरत.

"न्हाई म्हणलं ना," तो म्हणाला, आणि तिचा तो वर आलेला हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. सुमनबाई उठली आणि अंगणातला पाण्याचा माठ उचलून, मिराबाईला दिसणार नाही असा, घरामागं घेऊन गेली.

"निघायचं का खाला?" कलीमनं विचारलं.

"निघू," अख्तरी म्हणाली.