‘फार्स’ हा शब्द मागे घेताना

देवव्रतची नोकरी जाणार हे ऑफिसात सगळ्यांना दिसत होतं, पण कंपनीच्या म्हणण्यानुसार अजून काहीच ठरलेलं नव्हतं. २०१६ सालची गोष्ट. ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तो सांडपाण्याच्या पाइपलाइन डिझाइन करायचा. पुण्याहून न्यूझीलंडला आल्यापासून तो तिथेच होता. मार्चमध्ये मॅनेजर ग्रँटने सगळ्यांना बोलावलं. ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली आणि सांगितलं, “टीम लहान करायचा विचार आहे. पण हे फक्त प्रपोजल आहे. आधी तुमचं म्हणणं ऐकू, मग निर्णय घेऊ.”

देवव्रतने ते खरं मानलं. रोज जेवण झालं की तो लॅपटॉप उघडून बसायचा. कोणालाही न काढता काम कसं वाटून घेता येईल, कुठली कंत्राटं बाहेर देण्याऐवजी आपणच करता येतील, याची त्याने मन लावून मांडणी केली.

त्यामुळे त्याची बायको निवेदिता वैतागली होती. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमासाठी ती एक फार्स बसवत होती. स्टेजवर तीन दारं, नको त्या वेळी नको त्या दारातून येणारी माणसं. देवव्रतला शेजाऱ्याचं काम होतं आणि त्याची वाक्यंसुद्धा पाठ नव्हती.

“तुझ्यामुळे सगळ्यांची तालीम खोळंबते,” ती म्हणाली.

“निवू, इथे नोकरी चाललीय.”

“म्हणूनच म्हणते, तासभर तरी ये.”

त्याचं म्हणणं ऐकायला ग्रँटने त्याला काचेच्या मीटिंगरूममध्ये बोलावलं. शेजारी एचआरची ट्रेसी बसली होती. देवव्रत तिसऱ्या स्लाइडवर होता, तेव्हा काचेपलीकडे त्याच्याच डेस्कपाशी एक माणूस वाकून टेपने माप घेताना त्याला दिसला. कार्पेटवर निळ्या पट्ट्या चिकटवून तो नवीन जागा आखत होता. थोड्या वेळाने त्यानेच दार ढकलून डोकं आत घातलं.

“सॉरी, मेट. नवीन डेस्क सहा की आठ?”

“सहा,” ग्रँट म्हणाला.

“स्वीट ॲज,” खुशीत म्हणत त्याने दार लावलं.

ग्रँट देवव्रतकडे वळला. “यू वर सेइंग? हीप्स ऑफ गुड आयडियाज, देव.”

देवव्रतने लॅपटॉप मिटला. “धिस इज अ फार्स,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता.

निळ्या पट्ट्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. संध्याकाळी ट्रेसीने त्याला गाठलं. तो शब्द अपमानकारक होता, ग्रँट दुखावलाय, तेव्हा उद्या तो शब्द मागे घेतलास तर बरं, असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. “नोकरी माझी जाणार आणि माफी पण मीच मागायची! फार्सला फार्स नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?”

त्यांची दहा वर्षांची सिद्धी टेबलावर गृहपाठ करत होती. तिने वर बघितलं. “इज फार्स अ बॅड वर्ड? बट मम इज मेकिंग वन.”

“तेच म्हणते मी,” निवेदिता म्हणाली. “चौकशीचा फार्स, निवडणुकीचा फार्स. खोटं काही दिसलं की आमचाच शब्द सापडतो तुम्हाला. अरे, फार्समध्ये खोटं चालत नाही. कपाटात लपलेल्या माणसाला खरंच घाम फुटलेला असावा लागतो. तुझ्या त्या मीटिंगमध्ये घाम कोणाला फुटला होता?”

“मला!”

“हो, फक्त तुला,” ती म्हणाली. तिचा आवाज उतरला. “बाकीच्यांना नाही.”

दुसऱ्या दिवशी तो ट्रेसीकडे गेला. “शब्द मागे घेतो,” तो म्हणाला. “फार्सला मेहनत लागते. त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी मनापासून हवं असतं. तुम्हाला आमच्याकडून काहीच ऐकायचं नव्हतं. म्हणून तो शब्द चुकला.”

ट्रेसी म्हणाली, “थँक यू, देव. दॅट्स रिअली बिग ऑफ यू.”

दुपारी ग्रँट येऊन त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. देवने माफी मागितली, हे तोवर सगळ्या मजल्याला कळलं होतं. देवव्रत टॉयलेटमध्ये जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत उभा राहिला. ज्याला त्याला गाठून खुलासा करावा असं त्याला वाटत होतं, पण खुलासा ऐकायला कोणी थांबलं नसतं. आठवड्याच्या शेवटी त्याचं पद रद्द झाल्याचं पत्र आलं.

पाडव्याचा कार्यक्रम बॉटनी डाउन्सच्या एका हॉलमध्ये होता. देवव्रतने नाटकातलं काम सोडलं नाही. निवेदिताला ऐनवेळी दुसरा माणूस मिळाला नसता. दुसऱ्या अंकात त्याला मधल्या दारातून पळून जायचं होतं आणि दार उघडेना. ते चौकटीत अडकलं होतं. त्याने ओढलं, ढकललं, खांदा लावला. लोक हसायला लागले. तो खरोखर चिडला आणि दोन्ही हातांनी दारावर धपाधप मारू लागला, तशी पहिली रांग टाळ्या वाजवायला लागली. शेवटी दार एकदम उघडलं आणि तो आत जाऊन पडला.

नाटक संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष शशिकांत धावत आले. “देवव्रत, काय टायमिंग आहे! इतके दिवस लपवून ठेवलंत!”

“अहो, दार खरंच अडकलं होतं.”

शशिकांत आणखीच हसले. “बघा, अजून रोलमध्येच आहेत!”

देवव्रतने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. मेकअप न पुसताच तो पार्किंगमध्ये गाडीशी येऊन उभा राहिला. मागोमाग निवेदिता आली. तिचे केस विस्कटले होते आणि उजवा तळहात ती डाव्या हाताने चोळत होती.

“तू पण हसलीस का?” त्याने विचारलं.

“वेळ कुठे होता? पलीकडून मी ते दार ओढत होते.” तिने हात पुढे केला. कडीमुळे तळहाताचं सालटं निघालं होतं.

“लागलंय की,” तो म्हणाला आणि डॅशबोर्डमध्ये बँडेज शोधायला लागला.