घरातला पेशंट

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि खालचा जबडा तळव्यात धरला. कॉलर अर्धीच झाली होती. दाताचं दुखणं असतं तर एका जागी ठणकलं असतं. हे कानाखालून निघून पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध उतरत होतं. सकाळपासून घामही सारखा फुटत होता. पण लॉन्ड्रीत घामाला कोण विचारतो?

बाहेर काउंटरवर नवरा एका गिऱ्हाइकाला आपल्या हार्ट अटॅकची हकिकत सांगत होता. दोन वर्षं झाली त्या गोष्टीला, पण ती काही शिळी होत नव्हती. छातीवर मूठ कुठे ठेवायची, ‘अहो, हत्ती बसला, हत्ती’ कधी म्हणायचं, गिऱ्हाइकाने ‘बापरे’ म्हणेपर्यंत किती थांबायचं, सगळं ठरलेलं. त्या दोन वर्षांत गठ्ठे उचलणं, मशीनमधून ओल्या चादरी उपसणं, जिने चढून कपडे पोचवणं तिच्याकडे आलं होतं. तशी वाटणी कुणी केली नव्हती. नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं, एवढंच ठरलं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर ती बाहेर आली.

“अहो, मला बरं वाटत नाहीये. मळमळतंय. जबडा दुखतोय, पाठ पण.”

“पित्त असेल. सकाळी काही खाल्लं नसशील.”

“खाल्लं होतं. हे वेगळंच आहे काहीतरी. जीव घाबरा होतोय.”

“छातीत दुखतंय?”

“छातीत नाही.”

“मग झालं तर.” तो समजूतदारपणे हसला. “अगं, हार्टचं दुखणं मला विचार. तसं काही असतं ना, तर अशी उभी राहून बोलली नसतीस. आणि तुझं वय काय? चव्वेचाळीस. बायकांना या वयात होत नाही असलं काही.”

ती कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली. दिवसाढवळ्या, दुकानात, ती कधी बसत नसे. तिचा राखेसारखा चेहरा पाहून त्याचा हात आपसूक स्वतःच्या छातीकडे गेला.

“बघ, तुझ्यापायी माझी धडधड वाढली,” तो म्हणाला. “चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. दाखवलेलं बरं.”

कुणाला दाखवायचं ते तो बोलला नाही. दुकानाचं शटर नेहमीप्रमाणे तिनेच ओढलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला पाहताच खुर्ची पुढे केली.

“या शेठ. काय म्हणतंय हृदय?”

“धडधडतंय जरा. आणि हिला पित्त झालंय.”

तिने तोंड उघडलं, पण मळमळीची लाट आली तसं पुन्हा मिटलं. डॉक्टर म्हणाले, “आधी तुमचा कार्डिओग्राम काढू. वहिनी, तुम्हाला पित्ताची गोळी देतो, बसा तुम्ही.”

आतल्या खोलीत मदतनीस बाईने त्याला खाटेवर झोपवून वायरी लावल्या. ही त्याचा शर्ट हातावर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली, बाईने ती फाडून घेतली, तेव्हा हिने कधी नव्हे ते स्वतःसाठी काही मागितलं.

“माझाही काढाल?”

“तुझा कशाला?” नवरा खाटेवरून म्हणाला. “त्यांना उगाच काम.”

“असू दे हो, यंत्र चालूच आहे,” बाई म्हणाली.

तो उतरला, ती झोपली, तिचीही पट्टी निघाली. ती उतरताच तो पुन्हा खाटेवर आडवा झाला, कारण डॉक्टर तपासायला येणार होते. बाईने दोन्ही पट्ट्या बाहेर डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि वाजणारा फोन घ्यायला गेली.

डॉक्टर आत आले ते एक पट्टी हातात घेऊनच. चेहरा उतरलेला होता.

“शेठ, अजिबात हलू नका. अटॅक आहे, आणि मोठा आहे.” मग बाहेर ओरडून, “ॲम्ब्युलन्स बोलवा आधी!”

नवरा पांढराफटक पडला. तिच्या पायाखालची जमीन सरकली. आपलं दुखणंबिखणं कुठल्या कुठे गेलं. हा गेला तर आपलं काय, या एकाच भीतीने ती खाली बसली आणि त्याच्या पायांतल्या चपला काढू लागली. डॉक्टरांनी त्याच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. “चावून खा.”

मदतनीस बाई दाराशी आली.

“डॉक्टर, ॲम्ब्युलन्स ताईंसाठी ना? शेठची पट्टी टेबलावरच राहिली. तुमच्या हातात आहे ती ताईंची.”

डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती अजून खालीच बसली होती, एक चप्पल हातात.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो पडताना तिने पाहिला. ओठ सैल झाले, एक लांब श्वास सुटला, गालांवर रंग आला. त्यानंतर काळजीही आली, अगदी खरी काळजी, पण ती मागाहून आली.

“वहिनी, छातीत दुखतंय?”

“नाही. जबडा आणि पाठ. सकाळपासून.”

“बायकांचं पुष्कळदा असंच असतं,” डॉक्टर खाली बघत म्हणाले. “छातीत दुखेलच असं नाही. मी विचारायला हवं होतं.” मग नवऱ्याकडे वळून, “उतरा शेठ. त्यांना झोपू द्या.”

तो उतरला. गोळ्या त्याच्या हातातून तिच्या हातात आल्या, घामाने थोड्या ओलसर झालेल्या. तिने त्या चावल्या.

“अगं,” तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, “एवढं होत होतं तर बोलायचं नाहीस का?”

ती आडवी झाली. खाट अजून त्याच्या अंगाने ऊबदार होती.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. “बरोबर कोण जाणार?” मदतनीस बाईने विचारलं.

तो चुळबुळला. दाराकडे पाहिलं, मग खाटेवर वाकला.

“येऊ का गं मी? तिथली धावपळ, जिने… मला झेपेल का?”

दोन वर्षं या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं होतं, लग्नाकार्याला जाण्यापासून भाजीची पिशवी उचलण्यापर्यंत. आताही तो उत्तराची वाट बघत होता.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“डॉक्टरांना विचारा,” ती म्हणाली.