महाराजांची ताणलेली कात

मित्रांनो, मी एक जुनी कात आहे. नाक मुरडू नका! मी काही ऐऱ्यागैऱ्या सापाची कात नाही. जगातल्या विषारी सापांत सर्वांत लांब कोण? नागराज! प्राणिसंग्रहालयाच्या सर्पगृहातल्या अशाच एका नागराजाच्या अंगावर मी वाढले. त्यांना तिथे सगळे ‘महाराज’ म्हणतात.

काय ते दिवस! महाराजांनी फणा काढला की मीही फुलायचे आणि काचेपलीकडची मुलं आईच्या मागे लपायची. पुढे मी जुनी झाले. महाराजांचे डोळे दुधाळ दिसू लागले. एका सकाळी त्यांनी दगडावर नाक घासलं आणि पायमोजा उलटा काढावा तशी मला काढून टाकली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही हो! मला फार वाईट वाटलं.

मला उचललं ते ताईने. महाराजांची सगळी देखभाल तीच करते. तिच्याआधी हे काम तिचे वडील, अण्णा, करत. त्यांच्या वेळच्या नागराजाची पितळी पाटी दारावर होती, ‘चार मीटर नव्वद’. ताईने कितीही राबावं, येणारा-जाणारा पाटी बघून म्हणायचा, “अण्णांचा नागराज बघायला हवा होता!” ताई हसून घ्यायची, पण ते तिच्या मनाला लागायचं.

तर ताईने मला बोळात ओलीच पसरली, एकेक सुरकुती हाताने सपाट केली, टेप लावला आणि ओरडलीच, “पाच मीटर दहा!” माझा आनंद गगनात मावेना! जगातला विक्रम पावणेसहा मीटरच्या जरासा खाली आहे. तो राहिला दूर, पण अण्णांना तर आम्ही मागे टाकलं होतं! प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी लगेच नवा फलक रंगवायला दिला.

फलक लावायच्या दिवशी अण्णाही आले. त्यांनी मला उजेडात धरलं. माझे खवले एकमेकांपासून लांब सरकलेले त्यांना दिसले.

“ओली असताना ताणलीस का गं?”

“ताणली नाही हो अण्णा. नुसत्या सुरकुत्या काढल्या.”

“तेच ते. कात सापापेक्षा लांबच भरते, बाळा.”

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. साहेब मात्र हटेनात. बाहेर पाहुणे जमले होते ना! ते म्हणाले, “मग साप काढा बाहेर. चौघांनी धरा, ओढून सरळ करा. ओढला की तोही चार बोटं जास्त भरेल!”

माझा तर जीव टांगणीला लागला. असं ओढलं की सापाचे मणके दुखावतात. ताईने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी कदाचित तिचा फलक लागला असता. तिने एकदा पितळी पाटीकडे पाहिलं, एकदा काचेकडे.

“नाही साहेब. महाराजांना कोणी हात लावायचा नाही. फलक राहिला तरी चालेल.”

मग तिने पाहुण्यांनाच आत बोलावलं. महाराज काचेला लागून ऊन खात पसरले, तेव्हा तिने बाहेरून काचेवर खडूने त्यांच्या वळणांची रेघ ओढली आणि त्या रेघेवर सुतळी लावून मोजली. सगळे श्वास रोखून बघत होते. साडेचार मीटर!

“अण्णा, तुम्हीच जिंकलात,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि स्वतःची पाटी काढायला घेतली.

“अहो, हे काय करताय?”

“मीसुद्धा कातच मोजली होती गं. मला विचारायला कोणी अण्णा नव्हते.”

ताई आधी बघतच राहिली, मग अशी हसली की पाहुणेही हसायला लागले. साहेबांना शेवटी हसावंच लागलं.

आता मी काचेशेजारी टांगलेली असते. मित्रांनो, मला खुशाल हात लावा, ताणा, हवी तेवढी लांब करा, मला काही दुखत नाही. पण जिवंत सापाला विक्रमासाठी कधी ओढू नका. दारावर पाटीच्या स्क्रूची भोकं अजून दिसतात. रंगारी ती बुजवायला आला होता, पण ताईने बुजवू दिली नाहीत. ती म्हणाली, “राहू देत. तिथे माझे अण्णा आहेत.”