चूलबंद आवतन

चंद्रशेखर आमच्या ओसरीवर येऊन बसला तेव्हा मी त्याला प्यायला पाणी दिलं. ते त्याच्या डोक्यावर ओतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

माणूस आमच्याच गावचा, धामणगाव बढ्याचा. इंग्लंडात त्याचे तीन वृद्धाश्रम आहेत आणि बाहेरून माणसं कामाला बोलावण्याचा परवाना आहे. माझा नवरा राजकुमार तिथंच कामाला आहे. कामाला कसला, दावणीला बांधलेला आहे. त्याच्या व्हिसावर चंद्रशेखरच्या कंपनीचं नाव. हा माणूस आता आमच्याकडे नाही, एवढं मालकाने तिथल्या सरकारला कळवलं की संपलं. मग साठ दिवसांत दुसरा परवानेवाला मालक शोधायचा, नाहीतर घरचा रस्ता धरायचा. स्पॉन्सर म्हणजे हे. आम्हाला आधी वाटलं होतं, स्पॉन्सर म्हणजे कोणी पाठीराखा.

राजकुमार दिवसभर म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढतो. ते झालं की दुसऱ्या आश्रमाच्या चादरी धुतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. ताप आला तरी सुट्टी नाही. हे त्याने मला न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. वर म्हणाला, गावात बोलू नका, कोणी विचारलं तर मजेत आहे म्हणा. मी फक्त सासू-सासऱ्यांना सांगितलं. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मामाजी बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

तर हा चंद्रशेखर पांढरेशुभ्र बूट घालून, इंग्लंडला ‘आपल्याकडं’ म्हणत, आवतन द्यायला आला होता. त्याचा परवाना वाढवून मिळाला म्हणून मारोतीच्या देवळात रोडग्यांच्या जेवणाचा कार्यक्रम. सगळ्या गावाला चूलबंद. आमच्याकडे चूलबंद आवतन म्हणजे घरातलं झाडून सगळं माणूस जेवायला यायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. ज्याची चूल पेटली त्याने त्या घरचं अन्न नाकारलं. मग वैर उघड, तोंडाने सांगायची गरज उरत नाही.

एवढ्यावर थांबला असता तर आम्ही गुमान जाऊन जेवलो असतो. पण त्याला आणखी माणसं न्यायची होती. रंगरावांची रेवती नर्सिंग शिकलेली, तिच्यावर त्याचा डोळा होता. रंगराव आमचे शेजारी, सरळ माणूस. उत्तमराव, म्हणजे आमचे मामाजी, म्हणतील तर पोरीला पाठवतो, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तेव्हा पंगतीआधी मामाजींनी माईकसमोर उभं राहून पोराचं कसं चांगलं चाललंय ते गावाला सांगावं, अशी चंद्रशेखरची मागणी होती. मामाजी म्हणाले, मला बोलता येत नाही. तो हसला.

“काका, राजूचं सगळं माह्या एका मेलवर हाय. तुम्ही फक्त चार शब्द बोला.”

बोलताना त्याने मामाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो हात तोडावासा वाटला मला.

कार्यक्रमाच्या दिवशी मामाजी धुतलेलं धोतर नेसून माझ्याकडे न बघता देवळाकडे गेले. मला त्यांचा राग आला, मग त्यांच्या पाठीकडे बघून राग आल्याचाही राग आला. बापाने करायचं तरी काय? पोरगं तिकडे गळफासात, दोरी याच्या हातात. पण रेवती कालच आमच्याकडे आली होती. तिकडे थंडी फार असते का, स्वेटर किती घेऊ, असं मला विचारत होती. मी तिला दोन घे म्हणाले. मी! कुठल्या तोंडाने म्हणाले, देव जाणे.

आत्याबाई आत नवं लुगडं नेसत होत्या. मी अंगणात आले. गॅस पेटवला असता तर कुणाला दिसलं नसतं. अंगणातल्या चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या आणि काडी ओढली.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय करून राह्यली तू? माह्यं पोरगं हाय तिथं.”

“माहा नवराही हाय,” मी म्हणाले. “अन् उद्या रेवतीही राहीन.”

त्या जाळाकडे बघत पुढे आल्या. मला वाटलं, आता पाणी ओततील. त्यांनी पदर खोचला, कुंपणाजवळच्या कडुनिंबाची हिरवी फांदी मोडली आणि चुलीत कोंबली.

“पऱ्हाटी वाळेल हाय,” त्या म्हणाल्या. “धूर दिसाले पाह्यजे.”

दाट पांढरा धूर सरळ वर चढला. सगळ्या गावात तेवढाच एक. देवळाचा भोंगा आमच्या अंगणात स्पष्ट ऐकू येत होता. चंद्रशेखर गोड आवाजात म्हणाला की आता उत्तमकाका दोन शब्द सांगतील. मग नुसती खरखर. आम्ही दोघी हातातलं काम थांबवून उभ्या होतो.

“माह्या घरची चूल पेटली दिसते,” भोंग्यातून मामाजींचा आवाज आला. “मी घरी जेवाले जातो.”

ते आले तेव्हा त्यांच्यामागे रंगराव होते, त्यांच्यामागे रेवती. आत्याबाईंनी भाकरी थापल्या, मी पिठलं केलं. रंगराव दोनदा मागून जेवले.

चंद्रशेखरने वेळ लावला नाही. संध्याकाळी राजकुमारचा फोन आला. मेल आला, म्हणाला. नाव काढलं.

मी कारण सांगितलं. चूल मीच पेटवली, तुला न विचारता पेटवली, हेही सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

“काय रांधलं होतं?” त्याने विचारलं.

“पिठलं-भाकर.”

“उरलं काय?”

“नाही. रंगरावकाकांनं खाल्लं.”

“मंग मी येईन त्या दिवशी पुन्हा पेटवजो,” तो म्हणाला. “अन् मायले सांग, धूर कमी कर म्हणा.”

तो मोठ्याने बोलत होता. मागे नळाचा आवाज नव्हता.